आमच्या मैदानाला टर्फ घालायचं का?

गुरुवार, रात्रीचे साडेनऊ. गंगापूर रोडच्या पुढचं एक टर्फ. पांढरेफक्क फ्लडलाइट्स, चारही बाजूंनी आणि डोक्यावरही जाळी, कोपऱ्यात मॅगी आणि कोल्ड कॉफीचा काउंटर. आम्ही आठजणी. दोघी बँकेतल्या, एक डेंटिस्ट, एक सातपूरच्या कंपनीत क्वालिटी बघणारी, एक द्राक्षांच्या एक्स्पोर्टमध्ये, दोघी शिक्षिका आणि मी. मी दिवसभर लोकांचे जीएसटी रिटर्न्स भरते आणि गुरुवारी रात्री एक तास लेफ्ट आर्म स्पिन टाकते. फिरत नाही, पण टाकते!

बॉक्स क्रिकेट तुम्हीही खेळला असालच. नाशिकमध्ये हल्ली ‘आज काय प्लॅन?’ या प्रश्नाचं उत्तर ‘टर्फ बुक केलंय’ असंच असतं. व्हॉट्सअॅपवर पोल टाकायचा, तासाचे हजारभर रुपये माणशी वाटून घ्यायचे, टेनिस बॉल घ्यायचा आणि सुटायचं. पूर्वी कॉलेज रोडच्या कट्ट्यावर जाणारा वेळ आता इथे जातो. निदान घाम तरी निघतो.

तर अशी मी, टर्फची पक्की गिऱ्हाईक. त्यामुळे आमच्या कॉलनीच्या ओपन स्पेसवर टर्फ घालायचा विषय निघाला, तेव्हा माझा हात सगळ्यात आधी वर जाणार हे घरच्यांनी गृहीतच धरलं होतं.

तो गेला नाही. पूर्ण खालीही राहिला नाही. गेले दोन महिने तो असा अधांतरीच आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी मैदानाबद्दल. इंदिरानगर, पाथर्डी फाटा, गंगापूर रोड, नाशिक जिकडे जिकडे वाढलं तिकडे प्रत्येक लेआउटमध्ये एक ओपन स्पेस सुटलेली असते. सोडावीच लागते, चाळीस गुंठ्यांच्या वरचा लेआउट असेल तर दहा टक्के जागा मोकळी ठेवायचा नियम आहे. एका कोपऱ्यात मंदिर, दुसऱ्या कोपऱ्यात ग्रीन जिम, एक मोडकी घसरगुंडी आणि मधे उरेल ते मैदान. आमचंही तसंच. सगळे त्याला ‘गवताचं मैदान’ म्हणतात, पण खरं सांगायचं तर गवत चार-पाच महिनेच. जुलैत हिरवंगार होतं, गणपतीच्या मंडपासाठी खड्डे पडतात, नवरात्रात गरब्याने मधला गोल टक्कल पडल्यासारखा दिसायला लागतो. थंडीत सकाळी दवाने बूट भिजतात. फेब्रुवारीपासून सगळं तपकिरी. एप्रिलमध्ये काळ्या मातीला बोट जाईल एवढ्या भेगा, आणि मे महिन्यात वारा सुटला की मैदान आमच्या हॉलमध्ये!

त्यामुळे कॉलनीतल्या यंग ब्रिगेडने जो प्रस्ताव आणला, तो ऐकायला एकदम सही होता. एक ठेकेदार स्वतःच्या खर्चाने मैदानाच्या मोठ्या भागावर टर्फ घालणार, जाळी आणि लाइट लावणार, पाच वर्षं चालवणार. कॉलनीतल्यांना निम्मा रेट. पाच वर्षांनी सगळं कॉलनीचं. धूळ बंद, चिखल बंद, वरून मेंटेनन्सला थोडे पैसे. महापालिकेची परवानगी ‘बघून घेऊ’. (हे ‘बघून घेऊ’ मला व्यवसायामुळे जरा जास्तच टोचतं. जागा सगळ्यांसाठी मोकळी सोडलेली, आणि तिच्यावर तासाची पावती फाडायची. कागदावर हे कसं बसवणार?)

पहिली मीटिंग मंदिराच्या ओट्यावर झाली. मंडळाच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, चहा, आणि नेहमीपेक्षा तिप्पट गर्दी. पाणीपट्टीच्या मीटिंगला न येणारी माणसंही हजर!

देवळालीच्या आर्टिलरीतून रिटायर झालेले काका आमच्याकडे राहतात. शिस्तीचे, त्यामुळे त्यांचा गवताला पाठिंबा असेल असं वाटलं होतं. पण काका उठले ते थेट हॉकीवर. म्हणाले, ‘‘पंच्याहत्तर साली क्वालालंपूरला आपण वर्ल्ड कप जिंकलो, गवतावर. शहात्तरला मॉन्ट्रियल ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा कृत्रिम टर्फ आलं आणि आपण कितवे आलो? सातवे! जग पुढे जातं तेव्हा गवताला कवटाळून बसायचं नसतं.’’

काकांचं चुकत नाही. १९२८ पासून १९७२ पर्यंत हॉकीत आपण एकदाही पदकाशिवाय परतलो नव्हतो. १९७६ ला परतलो. १९८० मध्ये मॉस्कोचं सुवर्ण मिळालं, पण त्या वर्षी बरेच बलाढ्य देश आलेच नव्हते. त्यानंतरचं पदक थेट टोकियोत, २०२१ मध्ये. एक्केचाळीस वर्षं! सगळा दोष टर्फला देता येणार नाही. पण जगभर हॉकीचा खेळ त्या नव्या पृष्ठभागावर वेगवान झाला आणि आपल्या गावोगावच्या पोरांना त्यावर पाऊल ठेवायलाही मिळालं नाही, हेही खरंच. एक मैदान करायचं म्हणजे कोटींची भाषा, आणि वर मॅचआधी त्यावर हजारो लिटर पाणी मारायचं. हो, प्लॅस्टिकला पाणी! चेंडू नीट घसरावा, खेळाडूची कातडी सोलवटू नये म्हणून. आता कुठे आंतरराष्ट्रीय हॉकी संघटना कमी पाण्यावर चालणाऱ्या टर्फच्या मागे लागली आहे.

कुस्तीतही हेच झालं होतं. खाशाबा जाधव १९४८ ला लंडन ऑलिम्पिकला गेले, तेव्हा मातीत वाढलेला हा गडी पहिल्यांदा गादीवर उतरला. सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीला कांस्य घेऊन आला. महाराष्ट्र केसरीत तर आजही माती आणि गादी असे दोन्ही गट असतात, आणि दोन्हींचे विजेते शेवटी एकमेकांना भिडतात. म्हणजे हा वाद आपल्याला नवा नाही. फक्त तो तालमीतून आमच्या मंदिराच्या ओट्यावर आलाय.

हे सगळं बरोबर आहे, पण आमच्या कॉलनीतून ऑलिम्पिकला कोण चाललंय? इथे प्रश्न आहे संध्याकाळी सहा ते आठ कोण खेळणार याचा.

ही सगळी भानगड सुरू कशी झाली, तेही जरा गमतीचं आहे. अमेरिकेत ह्यूस्टनला १९६५ मध्ये अॅस्ट्रोडोम नावाचं छत असलेलं बेसबॉल स्टेडियम उघडलं. आत खरं गवत होतं, आणि उजेड यावा म्हणून छताला पारदर्शक तावदानं होती. त्या उजेडाने खेळाडूंचे डोळे दिपायला लागले, उंच उडालेला चेंडूच दिसेना. म्हणून तावदानं रंगवली. ऊन बंद झालं, गवत मेलं. मग १९६६ मध्ये मोन्सॅन्टो कंपनीचं नायलॉनचं गवत आणून घातलं. अॅस्ट्रोटर्फ हे नाव त्या डोमवरून पडलं. थोडक्यात, जिथे गवत उगवूच शकत नव्हतं, तिथला तो उपाय होता. आमच्या मैदानावर तर जून उजाडला की न लावता उगवतं.

आणि आपल्या गल्लीतलं टर्फ म्हणजे नक्की काय? खाली मुरूम-खडी दाबून सपाट केलेली, वर प्लॅस्टिकच्या पात्यांचा गालिचा, पाती उभी राहावीत म्हणून आत वाळू, आणि फुटबॉलचं असेल तर काळे रबरी दाणे. घरी आल्यावर बुटातून जे काळं काळं पडतं ना, तेच. बहुतेकदा जुन्या टायरांचा चुरा असतो. युरोपियन युनियनने सप्टेंबर २०२३ मध्ये सूक्ष्म प्लॅस्टिकविरोधात जो नियम केला, त्यात हे दाणेही आले. २०३१ पासून तिथे त्यांची विक्री बंद होणार. कारण ते बुटातून, पावसाच्या पाण्यातून, गटारातून शेवटी नदीत जातात. आपल्याकडे शेवटी म्हणजे गोदावरीत. आठ-दहा वर्षांनी गालिचा झिजला की तो गुंडाळून कुठे न्यायचा, हे मी त्या ठेकेदाराला मीटिंगमध्ये विचारलं. तो छान हसला.

ऊन हा दुसरा मुद्दा. खरं गवत पाणी बाहेर टाकून स्वतःला थंड ठेवतं. प्लॅस्टिकला ते जमत नाही. भर उन्हात टर्फचा पृष्ठभाग साठ अंशांच्या पुढे सहज जातो. नाशिक थंड हवेचं म्हणून आपण कितीही मिरवलं, तरी एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतोच. माझा स्वतःचा अनुभव सांगते. मागच्या वर्षी एका टर्फवर (नाव नको, अजून तिथे जायचंय!) दुपारी चारची स्लॉट स्वस्त मिळाली म्हणून गेलो. एक कॅच घ्यायला डाइव्ह मारली. कॅच सुटला, गुडघ्याची साल निघाली आणि तो डाग अजून आहे. मातीत खरचटतं, टर्फवर भाजतं. २०१५ चा महिलांचा फुटबॉल विश्वचषक कॅनडात कृत्रिम टर्फवर ठेवला, तेव्हा अॅबी वॉम्बॅकसह अनेक खेळाडू आदल्या वर्षी थेट तक्रार घेऊन न्यायाधिकरणाकडे गेल्या होत्या. पुरुषांना गवत आणि आम्हाला प्लॅस्टिक का, हा त्यांचा सवाल. स्पर्धा शेवटी टर्फवरच झाली. पण २०२६ च्या पुरुषांच्या विश्वचषकासाठी फिफाने खऱ्या गवताची अट घातली, अगदी एरवी टर्फ असणाऱ्या अमेरिकन स्टेडियम्सनाही.

एवढं वाचून तुम्ही म्हणाल, मग प्रॉब्लेम काय? नाही म्हणून टाका!

प्रॉब्लेम असा आहे की मी त्या मैदानासमोर लहानाची मोठी झाले आणि त्यावर एकदाही क्रिकेट खेळले नाही. एकदाही! बालवाडीच्या वयात लपाछपी, नंतर बॅडमिंटन तेही कडेला, आणि दहावीनंतर फक्त ‘राउंड मारायला’. मधला भाग मुलांचा. कुणी अडवलं नाही, बोर्ड लावला नाही. नुसतं कधी आपला नंबर लागलाच नाही. मैदान फुकट होतं आणि सगळ्यांसाठी होतं, असं आता मीटिंगमध्ये काका-मामा गहिवरून सांगतात, तेव्हा मला हसू येतं.

टर्फवर काय होतं? हजार रुपये भरले की तास आपला. ‘ए ताई, जरा बाजूला’ म्हणणारं कुणी नाही. लाइट आहे, गेटवर माणूस आहे, रात्री साडेदहाला घरी जाताना आई फक्त एकदाच फोन करते. वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी आयुष्यातली पहिली ओव्हर मी टाकली, ती प्लॅस्टिकवर. त्यामुळे टर्फला नावं ठेवताना माझी जीभ अडखळते.

हे मी दुसऱ्या मीटिंगमध्ये बोलून दाखवलं. थोडी शांतता पसरली. मग मागच्या रांगेतून एक काकू म्हणाल्या, ‘‘बरं झालं बोललीस. आम्हाला तर राउंड मारतानाही बॉल लागतो.’’ आणि नंतर बराच वेळ मीटिंग भलतीकडेच गेली, पण माझ्या मते पहिल्यांदाच मुद्द्यावर आली.

त्याच संध्याकाळी दुसरी गोष्ट घडली. आमच्या बाजूच्या बिल्डिंगच्या वॉचमनचा मुलगा, असेल अकरा-बारा वर्षांचा, रोज मैदानावर असतो. बॅट दुसऱ्याची, चप्पल स्टंपच्या जागी. थ्रो असा की थेट यष्टीत. मीटिंग चालू असताना ही पोरं ओट्याच्या कडेला ऐकत उभी होती. मी घरी निघाले तर तो मागे आला. ‘‘ताई, जाळी लागल्यावर आमचं पण बुकिंग लागंल का?’’

कॉलनीतल्यांना निम्मा रेट. तो कॉलनीतला आहे की नाही?

मला काही सुचलं नाही. ‘बघू’ म्हटलं आणि सटकले. आपण मोठी माणसं अशा वेळी ‘बघू’च म्हणतो.

मैदान कसं असतं ते बघायचं म्हणून मी एका रविवारी पहाटे मुद्दाम गोल्फ क्लबला गेले. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. ज्या अनंत कान्हेऱ्यांनी २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरमध्ये कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्यांचं नाव साहेबांच्या गोल्फच्या जागेला. नाशिककर मात्र अजून ‘गोल्फ क्लब’च म्हणतात. कडेने जॉगिंग ट्रॅकवर अर्धं शहर चालत असतं. आणि याच मैदानावर जानेवारी २०२५ मध्ये रणजी सामना झाला, महाराष्ट्राने बडोद्याला हरवलं. खऱ्या गवतावर, खऱ्या मातीच्या पिचवर. सत्यजित बच्छाव असो, की सिन्नरची लेगस्पिनर माया सोनवणे, आपल्या जिल्ह्यातले बॉलर मातीवरच बॉल वळवायला शिकले. टर्फवर बॉल वळत नाही हो. माझा न फिरण्याचं खरं कारण तेच असावं, अशी मी समजूत करून घेतलीय.

पण गोल्फ क्लबला रोलर आहे, गवत कापणारी माणसं आहेत. आमच्याकडे काय आहे?

याचं उत्तर अनपेक्षित ठिकाणाहून आलं. कॉलनीत पिंपळगावकडे बागा असलेले एक द्राक्षवाले दादा आहेत, मीटिंगमध्ये कधी तोंड उघडत नाहीत. तिसऱ्या मीटिंगला ते म्हणाले, ‘‘तुम्ही ज्याला गवत म्हणताय ना, ती हरळी आहे. बागेत ती मारता मारता माझा बाप म्हातारा झाला. खणली तरी येते, जाळली तरी येते. फवारा मारला तरी पुढच्या पावसाला हजर. तुम्ही तिला जगवायची चिंता करताय? तिला फक्त तुडवू नका दोन महिने.’’

घरी येऊन मी शोधलं. दादा शंभर टक्के बरोबर! हरळी म्हणजे आपण गणपतीला वाहतो त्या दूर्वा. शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन, आणि जगभर मैदानवाले तिलाच बर्म्युडा ग्रास म्हणतात. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये आधी कृत्रिम टर्फ होतं. २०१७ चा सतरा वर्षांखालच्या मुलांचा फुटबॉल विश्वचषक भारतात ठरला तेव्हा ते उखडून तिथे खरं गवत लावलं, तेही याच बर्म्युडाचं. म्हणजे फिफाला जे चालतं त्याचा जातभाई आमच्याकडे मंदिरामागे फुकट उगवतो आणि आम्ही त्याच्यावर मंडपाचे बांबू ठोकतो.

हरळीचा फंडा सोपा आहे. ती जमिनीखाली आडव्या दांड्यांनी पसरते. उन्हाळ्यात वरचं सगळं वाळतं, पण खाली ती जिवंत असते. त्यामुळे मे महिन्यात मैदान हिरवं ठेवायचा हट्ट सोडला, तर टँकर लागत नाही. आणि नाशिकमध्ये तो हट्ट परवडणारही नाही. ज्या जिल्ह्यात जायकवाडीला पाणी सोडायचं म्हटलं की आंदोलन होतं, तिथे लॉनसाठी बोअर उपसायचा? लागतं ते एवढंच. पावसाच्या तोंडावर भेगा मातीने भरायच्या, वेळोवेळी रोलर फिरवायचा, आणि जून-जुलैत मैदानाचा अर्धा भाग दोरी लावून बंद ठेवायचा. पुढच्या वर्षी दुसरा अर्धा. धूळ पूर्ण जाणार नाही. कमी होईल. मे महिन्यात हॉल पुसावाच लागेल, हे मी आईला सांगून टाकलंय. तिला पटलेलं नाही.

यंग ब्रिगेडचं म्हणणंही मी टाळत नाही. शिफ्ट संपवून रात्री आठला आलेला माणूस अंधारात मातीवर काय खेळणार? लाइट हवेतच. आणि काकांचं म्हणणं आहे की ‘अर्धं टर्फ, अर्धं हरळी’ करा. यात मला धोका दिसतो. अर्ध्याला जाळी लागली की उरलेला अर्धा पार्किंगला जाईल, आपलं शहर आपल्याला माहीत आहे.

माझा प्रस्ताव मी लेखी दिलाय. जाळी नको, ठेकेदार नको. दोन पोल आणि रात्री साडेनऊपर्यंत दिवे, वर्गणीतून. दोरी लावून हरळीला दोन महिने सुट्टी. गणपतीचा मंडप ग्रीन जिमच्या बाजूला. आणि मंगळवार, शुक्रवार संध्याकाळी साडेसहा ते आठ मैदानाचा मधला भाग मुलींचा, हे बोर्डावर लिहून. शेवटच्या कलमावर सगळ्यात जास्त आरडाओरडा झाला. ‘फुकटच्या मैदानावर कसलं रिझर्व्हेशन?’ म्हणे. गंमत म्हणजे, हे विचारणारे तासाच्या बुकिंगला कालपर्यंत तयार होते!

वॉचमनच्या मुलाला मी सांगितलं की मंगळवारी आम्हाला एक बॉलर कमी पडेल. त्याने विचार करून विचारलं, ‘‘बॅटिंग देणार का?’’

निर्णय पुढच्या रविवारी, संध्याकाळी सात वाजता, मंदिराच्या ओट्यावर. ठेकेदार येणार आहे, आर्टिलरीवाले काका हॉकीची नवीन कात्रणं घेऊन येणार आहेत, आणि द्राक्षवाले दादा मोजणी करून कुठे दोरी लावायची त्याचा नकाशा. माझ्या हिशेबाने मतं सारखी पडताहेत. दोन घरं अजून काठावर आहेत, त्यांच्याकडे उद्या चहाला जातेय.

आणि हो, गुरुवारचा पोल आलाय. साडेनऊची स्लॉट. सात जणी झाल्या, आठवी मी.